सकाळची शाळा, पत्र्याखालचा पारा

पहाटे सव्वापाच

एप्रिल अर्धा सरला की नागपुरात ज्याला काही काम उरकायचं असतं तो उजाडायच्या आत उठतो. मी उठते आणि आधी गच्चीवर जाते. जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीपासून जरा पुढे, सावलीत, एक साधा थर्मामीटर टांगलेला आहे. तो बघायचा, आकडा वहीत लिहायचा, मग कूलरची टाकी भरायची, मग चहा. नळ येण्याची वेळ आणि सूर्य वर येण्याची वेळ यांच्या मधल्या फटीत हे सगळं बसवावं लागतं.

पेपरात मथळा होतो तो दुपारच्या आकड्याचा. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो आकडा लोक अजून सांगतात. त्या दिवशी पहाटे किती होता ते कुणी सांगत नाही. शरीराचा हिशेब मात्र रात्री होतो. रात्री घर निवलं नाही तर आजचं ऊन कालच्या थकव्यावर येऊन बसतं. म्हणून माझ्या नववीच्या मुलांच्या वहीत पहिले दोन रकाने ‘उठताना पारा’ आणि ‘झोप किती वाजता लागली’ असे आहेत. तिसरा रकाना ‘डोक्यावर काय’. त्यात स्लॅब, पत्रा किंवा कवेलू यातलं एक लिहायचं. चौथ्यात पंखा, कूलर, एसी, किंवा ‘काही नाही’. थर्मामीटर सगळ्यांना पुरत नाहीत, त्यामुळे ते आठवड्याने हात बदलतात. झोपेची नोंद करायला मात्र कुठलंच उपकरण लागत नाही, आणि ती मुलं सगळ्यात इमानदारीने लिहितात.

साडेसहा

शाळा पूर्व नागपुरात, मराठी माध्यमाची, अनुदानित. स्कूटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघायचं. चौकातल्या टपरीवर तर्री-पोह्यांची गर्दी एवढ्या सकाळीच. या शहरात आता गल्लीबोळातसुद्धा सिमेंटचे रस्ते आहेत. दिवसभर प्यालेलं ऊन ते रात्रभर परत देतात, आणि सकाळी साडेसहालाही गाडी थांबवली की पायाला खालून ऊब लागते.

वाटेत नाग नदीचा पूल. शहराला नाव देणारी ही नदी पश्चिमेला लाव्ह्याकडच्या टेकड्यांत उगवते, अंबाझरी तलावावरून शहरात शिरते आणि सगळ्यांचं सांडपाणी गोळा करून आमच्या बाजूने बाहेर पडते. पुढे ते पाणी कन्हानला मिळतं. ‘पर्यावरण’ म्हटलं की आमच्या मुलांना पहिली आठवते ती या पुलावरची दुर्गंधी. हे चुकीचं नाही, फक्त अपुरं आहे.

सात

उन्हाळी वेळापत्रकात माध्यमिक शाळा सात ते पावणेबारा. परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष असतो. त्यातच आम्ही एक मिनिट घुसवलं आहे, ‘आजचा पारा’. पाळीप्रमाणे एक जण कालचं कमाल, आजचं किमान आणि हवामान खात्याचा इशारा वाचून दाखवतो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली त्याचं खरं कारण म्हणजे याला खर्च नाही आणि वेळ एका मिनिटाचा.

आज वाचणाऱ्या मुलीने उष्णतेच्या लाटेची व्याख्या सांगितली. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला, किंवा थेट ४५ला टेकला, तर लाट. ४७ला टेकला तर तीव्र लाट. रांगेतून लगेच आवाज आला, “म्हणजे ४४ असन तं लाट नाही?”

मे महिन्यात नागपूरची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास असते. त्यामुळे ४४ अंशांत इथे कागदोपत्री लाट नसू शकते. मुंबईत तेवढा पारा चढला तर हाहाकार होईल. हे ऐकल्यावर मुलांना राग येतो. मला तो राग फार कामाचा वाटतो. ‘पृथ्वी तापते आहे’ या वाक्याने वर्गात कुणालाच काही वाटत नाही. ‘तुला जे होतंय त्याला लाट म्हणत नाहीत’ म्हटलं की सगळे मान वर करतात.

साडेसात

पहिला तास, नववी. पाठ्यपुस्तकात ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ नावाचा धडा आहे. हवामान आणि घनकचरा त्यात शेजारी शेजारी बसवलेत. धडा वाईट नाही. पण हवामान बदलाला कचऱ्याच्या पंक्तीला बसवलं की मुलांच्या डोक्यात तो ‘स्वच्छता’ या खात्यात जमा होतो, आणि स्वच्छतेचं उत्तर त्यांना पाठ असतं: आपण सर्वांनी मिळून काळजी घेतली पाहिजे.

तापमान का वाढतंय, हा प्रश्न मी दर वर्षी पहिल्या तासाला विचारते. निम्मा वर्ग म्हणतो, ओझोनला भोक पडलं म्हणून. हे उत्तर कुठून येतं कोण जाणे, पण ते आईबापांकडे आहे, शिक्षकांकडेही आहे. मी ते लगेच खोडत नाही. फळ्यावर दोन गोष्टी लिहिते: १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर हळूहळू भरून येऊ लागला आहे, याच काळात पृथ्वीचं सरासरी तापमान वाढतच गेलं आहे. मग गप्प बसते. भोक बुजत असेल आणि गरमी वाढत असेल, तर भोक हे कारण कसं, हे मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणेपर्यंत मी तोंड उघडत नाही. कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. आजच्या वर्गात एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली आणि शेजारणीने तिचं वाक्य मोठ्याने सांगून श्रेय घेतलं. दोघींचं भांडण झालं. तास चांगला चालला आहे हे मला अशा भांडणावरून कळतं.

मग बाटल्या. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या, दोन थर्मामीटर. एकीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड, दुसरीत नुसती हवा. दोन्ही उन्हात ठेवायच्या. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून हेच केलं होतं. कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि निवायला जास्त वेळ लागला. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त उष्ण होईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध वाचला तो मात्र जोसेफ हेन्री या गृहस्थांनी. मुली इथे एकमेकींकडे बघतात.

पुष्कळ शिक्षक इथेच थांबतात. मी एक पाऊल पुढे जाते, कारण हा प्रयोग तितकासा पुरावा नाही. काच स्वतःच उष्णतेचे किरण अडवते. शिवाय जड वायू बाटलीत कमी घुसळला जातो, त्यामुळेही तो जास्त तापलेला दिसतो. वायू उष्णतेचे अदृश्य किरण शोषतात हे नेमकं मोजलं ते १८५९मध्ये जॉन टिंडल यांनी, वेगळ्या उपकरणाने. हे सांगितलं तर मुलांचा विश्वास उडेल, असं एका प्रशिक्षणात मला सुचवलं गेलं होतं. अनुभव उलटा आहे. ‘हा प्रयोग पुरत नाही, का पुरत नाही ते सांगा’ म्हटलं की चौदा वर्षांचं पोर जास्त जागं होतं. तयार सत्य ऐकून त्याला कंटाळा आलेला असतो.

पोस्टर स्पर्धेबद्दलही सांगून टाकते. २२ एप्रिलला वसुंधरा दिनाला पोस्टर येतात. पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर, डोक्यावर बर्फाची पिशवी, डोळ्यांत पाणी. रंगकाम सुरेख असतं. अठ्ठेचाळीस पोस्टरांत नागपूर कुठेच नसतं. वाळ्याचे ताटे नाहीत, पाणपोई नाही, पत्र्याची खोली नाही. म्हणून यंदा अट घातली आहे की चित्रात स्वतःची गल्ली असलीच पाहिजे.

पावणेनऊ

हा तास मला सगळ्यात आवडतो. ३० मे २०२४ची बातमी मुलांच्या हातात देते: नागपुरात ५६ अंश. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित केंद्रात तसा आकडा उमटला होता. देशभर गाजला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ची नोंद झाली होती, त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. मी विचारते, खरं की खोटं?

हात वर करायला सांगितलं तर बहुतेक वर्ग ‘खरं’ म्हणतो. कारणंही देतात. “मॅडम, त्या साली माह्या बाबाची चप्पल डांबराले चिकटली होती.” “आमच्या घरचा कूलर गरम हवा फेकून राहिला होता.” अनुभव खरा आहे. आकडा खरा आहे का हा प्रश्न वेगळा, आणि हे दोन वेगळे करायला शिकणं म्हणजेच माझ्या मते या विषयाचं अर्धं शिक्षण.

मग पुढचे कागद. त्याच दिवशी इतर काही केंद्रांवर पारा ४४-४५च्या घरात होता. शेजारी पंचेचाळीस आणि मधेच छप्पन्न कसा? हवामान खात्याने तपासणी केली आणि त्या यंत्राचा सेन्सर बिघडला असल्याचं सांगितलं. मुंगेशपूरचा आकडाही सुमारे तीन अंशांनी जास्त निघाला.

आता बाहेर. एकच थर्मामीटर, पाच जागा: उघडं ऊन, कडुनिंबाखाली, सिमेंटच्या भिंतीला टेकवून, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, आणि कार्यालयातल्या कूलरच्या मागच्या बाजूला. प्रत्येक जागी तीन मिनिटं. मुलं आकडे ओरडतात, दुसरी लिहितात. एका अंगणात इतके आकडे निघाल्यावर ‘आजचं तापमान’ कुठलं, हा प्रश्न त्यांनाच पडतो. इथे स्टीव्हन्सन पेटी येते. झडपांच्या भिंतींची पांढरी लाकडी पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. जगभर पारा अशाच अटींवर मोजतात म्हणून सोनेगाव विमानतळाजवळच्या नोंदीची तुलना कैरोशी करता येते. पेटी बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहांचे इंजिनिअर. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. याचा हवामान बदलाशी काही संबंध नाही, पण इंग्रजीच्या मॅडमना ही माहिती फार आवडली.

सगळं झाल्यावर एक पोरगा उठला. हुशार आहे, फोनवर बरंच काही बघतो. म्हणाला, “मॅडम, मशीन खोटं बोलते हे तं तुम्हीच सांगितलं. मंग ग्लोबल वॉर्मिंग खोटं नसन कशावरून?” वर्ग हसला. मी हसले नाही. हा प्रश्न मोठमोठी माणसं वाईट हेतूने विचारतात, हा चांगल्या हेतूने विचारत होता. फळ्यावर लिहून ठेवला आणि उत्तर दिलं नाही. परीक्षेपर्यंत तो तिथेच राहील, खडूने पुसायचा नाही असं बजावलं आहे.

साडेनऊ

मधली सुट्टी. लहान वर्गांच्या खिचडीचा वास. शिक्षकखोलीत पंखा गरगर फिरतो आणि गरम हवा इकडची तिकडे करतो. इतिहास-नागरिकशास्त्राच्या सरांना मी माळढोकचा खटला दिला आहे. २१ मार्च २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून येणारा हक्क मानला. गंमत अशी की प्रकरण सौर आणि पवन ऊर्जेच्या वीजतारांचं होतं. त्या तारांना धडकून माळढोक मरतात. एका बाजूला नामशेष होणारा पक्षी, दुसऱ्या बाजूला कोळशाला पर्याय. वादविवादाला यापेक्षा चांगला विषय मला सापडलेला नाही, कारण इथे दुष्ट माणूस कुणीच नाही.

गणिताच्या सरांचा आधी विरोध होता. ‘माझा अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?’ पुण्याच्या आयसरने काही वर्षांपूर्वी ट्रॉप-आयसीएसयू नावाचा प्रकल्प सुरू केला. हवामानासाठी वेगळा तास मागायचा नाही. गणित, भूगोल, रसायनशास्त्र यांच्या आहे त्याच घटकांत हवामानाची खरी आकडेवारी उदाहरण म्हणून वापरायची, अशी त्याची पद्धत. ती त्यांना दाखवली. सांख्यिकीचा घटक त्यांना शिकवायचाच होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२०च्या वर गेला आहे. आलेख काढायला त्यांना तो पुस्तकातल्या कारखान्याच्या कामगारांपेक्षा बरा वाटला. पुढची कल्पना त्यांचीच: विजेचं बिल.

दहा

आज सर आणि मी एकत्र वर्गावर. मुलांनी महावितरणची बिलं आणली आहेत. नाव आणि ग्राहक क्रमांक घरीच खोडून आणायचे, हा नियम. कुणाचं साठ युनिटांचं, कुणाचं साडेतीनशेचं. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर उभ्या पट्ट्यांत छापलेला असतो. मे-जूनच्या पट्ट्या उंच. सर विचारतात, का? “कूलर!” सगळे एका आवाजात.

हिशेब सुरू. साधा कूलर दोनशे वॉटचा धरला तर दहा तासांत दोन युनिटं. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटाच्या आसपास खातो. कोळशावरच्या विजेला एका युनिटामागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक संच पूर्ण ताकदीने एक तास चालला तर सहा लाख साठ हजार युनिटं, म्हणजे चारशे टनांवर कोळसा. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन मावतो. सर फळ्यावर भागाकार करतात. तासाला सात वाघिणी, एका संचाला. वर्गात कुणीतरी शिट्टी घातली. कोळशाच्या गाड्या ही मुलं फाटकावर थांबून रोज मोजतात.

खिडकीजवळचा मुलगा तोवर गप्प होता. त्याचे वडील कोराडीत कंत्राटी कामगार आहेत. त्याने खाली बघतच विचारलं, “म्हणजे माह्या बाबा गरमी बनवते का?”

हा प्रश्न येणार हे नागपुरात गृहीत धरूनच शिकवावं लागतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय याच शहरात. उमरेड, सावनेर, कामठी इथे खाणी. कोराडी आणि खापरखेडा शेजारी, मौदा थोडं पुढे, चंद्रपूर त्याच्याही पुढे. या जमिनीखाली पंचवीस कोटी वर्षांहून जुनी जंगलं दाबली गेली आहेत. कामठीच्या नावाने भूगर्भशास्त्रात खडकांचा एक थरच ओळखला जातो आणि त्यात ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे सापडतात. विदर्भातली हजारो घरं त्या पानांवर जेवतात. दिल्ली-मुंबईत बनलेल्या शैक्षणिक फिल्ममध्ये कोळसा म्हणजे काळा धूर आणि भेसूर संगीत. ती फिल्म या वर्गात लावणं म्हणजे एका मुलाला सगळ्यांसमोर उभं करणं आहे.

मी त्याला विचारलं, बाबांच्या हातून निघालेली वीज जाते कुठे? त्याने खांदे उडवले. मग सगळ्यांना आपापलं बिल वर धरायला सांगितलं. साठवाला आणि साडेतीनशेवाला समोरासमोर. मग दुसरे आकडे. इंधनं जाळून होणारं उत्सर्जन भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन, जगाची सरासरी पावणेपाचच्या जवळपास, अमेरिकेत चौदाच्या आसपास. कोळसा बाबा टाकतात, पण बटण कोण दाबतं? आणि घरी कूलर नसलेल्याने बटण दाबायला सुरुवात केली तर त्याला कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? याची उत्तरं माझ्याकडे तयार नाहीत आणि ती आहेत असं दाखवायचं नाही, हे मी आणि सरांनी आधीच ठरवलं होतं.

चर्चा वाढली. एकीने विचारलं, मग प्लँट बंद केला तर याच्या बाबांना काम कोण देणार? दुसरीची मावशी नांदगावकडे राहते, ती वीजकेंद्राच्या राखेबद्दल बोलली, कपडे वाळत घातले की करडे होतात म्हणाली. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २०२३च्या मे महिन्यात जनसुनावणी झाली होती, हे मी सांगितलं. जनसुनावणी म्हणजे काय आणि तिथे कुणीही जाऊन बोलू शकतं, हेही. दहावीच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या धड्यात औष्णिक केंद्राची आकृती आहे. पुढच्या वर्षी ही मुलं ती काढतील तेव्हा बॉयलरपासून चिमणीपर्यंत बाणांची नावं लिहिताना त्यांना एक माणूसही आठवेल, एवढं मला पुरे आहे.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. त्याला हवं होतं ते वेगळंच. सात वाघिणींचा आकडा बाबांना विचारून तपासला तर चालेल का? म्हणाला, “ते सांगतीन बरोबर. तुमचा तं अंदाज हाये.”

अकरा

आता ऊन डोक्यावर. शाळेची मागची शेड पत्र्याची आहे, तिथे आठवीचा वर्ग भरतो. प्रयोग त्यांच्यासोबत. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं कापड, दुसरा कोरडा, दोन्हींना वहीने वारा घालायचा. ओला भराभर उतरतो. हाच कूलर. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं.

“मंग जून महिन्यात कूलर काहून काम करत नाही?” हे विचारणारं पोर दर वर्षी असतंच, आणि नसेल तर मी विचारते. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी, ती पाणी पिऊन टाकते. मृग लागला, हवा ओली झाली की वाफ व्हायला जागा उरत नाही. पारा अडतीसवर आलेला असतो तरी जीव नकोसा होतो. घामाचंही तेच. ओल्या कापडाचा थर्मामीटर पस्तीस दाखवू लागला तर धडधाकट माणूसही सावलीत बसून स्वतःला थंड ठेवू शकत नाही, अशी शास्त्रज्ञांनी सैद्धांतिक मर्यादा काढली आहे. तापलेल्या हवेत दर अंशामागे सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. नागपूरकराने फक्त ४७कडे बघू नये, ओल्या कापडाकडेही बघावं, हे या वाक्यातून मुलं स्वतः काढतात. जगाच्या पाठीवर हा धडा शिकवायला कूलरवाल्या शहराइतकं सोयीचं ठिकाण नसेल.

कूलरला हात लावण्याआधी प्लग काढायचा, हे मी प्रत्येक वेळी सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. हे विज्ञानाच्या पेपरात कुणी विचारणार नाही.

पावणेबारा

शाळा सुटली. बाटली रिकामी असलेल्याला फाटकाबाहेर सोडायचं नाही. एकाच्या खिशात कांदा आहे. आजीने ठेवायला लावला. कांद्याने लू लागत नाही याला पुरावा नाही, पण कांदा ठेवणारी आजी पाणी प्यायलाही बजावते, म्हणून मी कांद्याच्या वाटेला जात नाही.

एक ते चार

घर, पडदे, झोप. एप्रिलच्या दुपारी नागपुरात काही घडत नाही आणि घडू नये.

साडेपाच

आठवड्यातून एकदा चार-पाच मुलांसोबत त्यांच्या वस्तीत जाते. छपरांचा नकाशा करतोय. स्लॅब, पत्रा, कवेलू, कुठे चुना मारलेला. चुना मारल्याने पत्र्याखाली फरक पडतो का, हे शेजारच्या दोन घरांत मोजायचं चाललं आहे. अजून आकडे पुरेसे जमले नाहीत, त्यामुळे आम्ही काहीच जाहीर केलेलं नाही. मुलांना घाई झाली आहे. एकाला तर वॉर्डातल्या कार्यालयात अर्ज घेऊन जायचं आहे. महापालिकेचा उष्णता कृती आराखडा २०१६पासून आहे हे त्याने वाचलंय आणि ‘मंग आमच्या गल्लीत काय कृती झाली’ हा त्याचा साधा सवाल आहे.

एका आजीने सांगितलं, कवेलू होते तेव्हा दर पावसाळ्याआधी फेरावे लागत, माणूस मिळेना म्हणून पत्रे घातले. तिला विचारलं, कवेलूचं घर थंड होतं का? “थंड होतं, पण गळत होतं. तुम्ही एक तं निवडा.” मुलीने हे वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

परतताना पुराचा विषय निघाला. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी पश्चिम नागपूरच्या घरांत शिरली. आमच्यातल्या एकीची आई डागा लेआउटमध्ये धुण्याभांड्याचं काम करते. त्या आठवड्यात ती दुसऱ्यांच्या फ्रिजमधला गाळ काढत होती. मुलगी विचारत होती, हे हवामान बदलामुळे झालं का? एवढा मुसळधार पाऊस आता वाढत्या तापमानात जास्त वेळा पडू शकतो, हे खरं. तलावाच्या सांडव्याजवळ आणि नदीच्या पात्रात कुणी काय बांधलं, हेही खरं. सगळा दोष हवामानाला दिला की बांधणारे सुटतात. ती म्हणाली, “म्हणजे दोन्ही लिहू?” दोन्ही लिही.

आठ

फोन. नरखेडच्या एका मुलीने, जी इथे मामाकडे राहून शिकते, काकाशी बोलून टिपण पाठवलंय. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात झाडाला पाणी तोडून ताण द्यायचा आणि जूनच्या पावसाने तो मोडायचा. पाऊस लांबला तर काय करता, या प्रश्नावर काकाने बरंच सांगितलं, शेवटी शिव्याही घातल्या. तिने शिव्यांच्या जागी टिंबं दिली आहेत. पाठ्यपुस्तकातला ‘कृषी क्षेत्रावरील परिणाम’ हा मुद्दा यापुढे मी तिच्याकडूनच वाचून घेणार.

एका पालकाचाही फोन आला. हे सगळं किती मार्कांना आहे? मी सांगितलं, प्रयोगवहीला गुण आहेत. समाधान झालं नाही. “ट्यूशनवाले सर तं म्हणतात हा धडा वाचला तरी होते.” वाचला तरी होतं, हे काही खोटं नाही.

साडेनऊ

वार्षिक परीक्षेचा पेपर काढायचा आहे. वस्तुनिष्ठ प्रश्न पटापट झाले. पाच गुणांच्या प्रश्नावर अडले. फळ्यावर राहिलेलाच प्रश्न घातला: ‘नागपुरातील ५६ अंशांची नोंद चुकीची ठरली. त्यामुळे तापमानवाढही चुकीची आहे, असे तुमचा मित्र म्हणतो. त्याला उत्तर द्या.’

पेपरासोबत आदर्श उत्तर द्यावं लागतं, कारण दुसऱ्या तुकडीच्या वह्या दुसरे शिक्षक तपासतात. लिहायला घेतलं. चूक सापडली ती शेजारच्या केंद्रांमुळे, एक गुण. एक दिवस म्हणजे हवामान बदल नव्हे, त्यासाठी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या ताडून बघतात, एक गुण. हजारो केंद्रं, समुद्र, हिमनद्या यांचे पुरावे एकमेकांशी जुळतात, एक गुण. स्टीव्हन्सन पेटीचा उल्लेख, अर्धा. उरलेल्या दीड गुणाला काय लिहावं ते ठरेना. मित्राशी नीट, न हिणवता बोलल्याबद्दल गुण देता येतात का? तपासणाऱ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, ते कुठल्या रकान्यात भरू?” शेवटी ‘उत्तराची मांडणी, १.५’ असं लिहिलं आणि समोर कंसात लिहून ठेवलं, शंका आल्यास मला विचारावे.